फियाट आणि ॲम्बेसेडर : चारशे सीसीच्या अंतराचा मागोवा

मुंबईहून हावड्याला जाणारा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून जातो. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही त्यावरची स्थानके. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ सुद्धा धुळे, अकोला, अमरावती, नागपूर करीत कोलकात्यालाच पोचायचा. या वाटेच्या पश्चिम टोकाला, मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथे फियाट तयार व्हायची. पूर्वेच्या टोकाला, हुगळीकाठी उत्तरपाड्याला, हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना होता. तिथून ॲम्बेसेडर निघायची. वऱ्हाड या दोन कारखान्यांच्या मधल्या वाटेवर. बडनेऱ्याहून यवतमाळकडे निघाले की लागणारे नांदगाव खंडेश्वर हे यादवकालीन हेमाडपंती मंदिराचे आणि कापूसपिकाचे गाव. अशा तालुक्याच्या गावात साठ-सत्तरच्या दशकांत मोटार आली की ती बहुधा या दोहोंपैकी एक असायची, नाहीतर जीप.

एक लहान, एक मोठी. एकीचे इंजिन १०८९ सीसीचे, दुसरीचे १४८९. या चारशे सीसीच्या अंतरावरून कोणती गाडी कोणाच्या दारात उभी राहणार हे कित्येक वर्षे ठरत होते. ते कसे ठरले, हे समजण्यासाठी दोघींची कुळकथा पाहायला हवी.

वालचंदांचा ध्यास

फियाटची भारतातली कथा सोलापुरात सुरू होते. तिथे १८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. बांधकामाच्या ठेक्यांतून ते वर आले. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांची कामे त्यांच्या कंपनीने केली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी करून त्यांनी भारतीय मालकीचे जहाज समुद्रात उतरवले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. जहाज झाले, विमान झाले, आता मोटारही आपल्याच देशात झाली पाहिजे, या ध्यासाने त्यांना घेरले होते. सर विश्वेश्वरय्याही तीसच्या दशकापासून मोटार कारखान्याची योजना घेऊन सरकारच्या मागे लागलेले होते. परक्या सरकारला त्यात रस नव्हता. तरी वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीला राजी केले, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या.

या अमेरिकी गाड्या अंगाने मोठ्या आणि पेट्रोलला महाग. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या डॉक्टर-वकिलाला त्या झेपणाऱ्या नव्हत्या. म्हणून प्रीमियरने १९५१ मध्ये इटलीतल्या ट्युरिनच्या फियाट कंपनीशी करार केला. आधी छोटी फियाट ५०० आली. एप्रिल १९५३ मध्ये वालचंद गेले. त्याच वर्षी जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाटची ११०० ही नवी गाडी झळकली. डान्ते जियाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती घडली होती. १९५४ पासून ती कुर्ल्यात जुळवली जाऊ लागली. पुढे आलेल्या नाकाडामुळे मुंबईकर तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिची पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली होती. १९६४ मध्ये सरळ दारांची, मागे हलकेसे पंख असलेली ११०० डी आली; तिचे भारतातले नाव ‘डिलाइट’. फियाटशी असलेला करार संपल्यावर काही काळ तिला ‘प्रेसिडेंट’ म्हटले गेले, आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. घराघरांत मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

ऑक्सफर्डहून हुगळीकाठी

ॲम्बेसेडरचे माहेर इंग्लंड. बिर्ला घराण्याने १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स काढली ती गुजरातच्या किनाऱ्यावर ओखा बंदरात. १९४८ मध्ये कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला हलला. तिथे पुढे ‘हिंद मोटर’ या नावाचे रेल्वे स्टेशनच झाले. ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या मॉरिस कंपनीच्या गाड्या ही हिंदुस्थान मोटर्सची आधारशिला. आधी ‘हिंदुस्थान टेन’, मग १९५४ मध्ये ‘लँडमास्टर’, आणि १९५७ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ॲम्बेसेडर. पहिल्या गाड्यांत लँडमास्टरचेच जुने इंजिन होते. १९५९ मध्ये १४८९ सीसीचे, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले इंजिन आले, आणि गाडीला तिची खरी ओळख मिळाली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. मॉरिसने ही तिसरी मालिका इंग्लंडमध्ये १९५६ ते १९५९ अशी तीन वर्षे बनवली. भारतात तिचीच बहीण २०१४ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे बनत राहिली. फियाटने ११०० डी इटलीत १९६२ ते १९६६ एवढीच बनवली. कुर्ल्यात ती तीन तपांच्या वर चालली. ज्या देशांनी या गाड्या जन्माला घातल्या ते त्यांना विसरून गेले. आपण त्यांना वाढवले, नावे बदलली, पंख आणि जाळ्या बदलल्या. सांगाडा तोच ठेवला.

अंगकाठी आणि ताकद

आता दोघींना शेजारी उभे करू. फियाटची लांबी ३.९३ मीटर, ॲम्बेसेडरची सुमारे ४.३२. म्हणजे जवळजवळ चाळीस सेंटिमीटरचा फरक. पण खरा फरक रुंदीचा : फियाट १.४६ मीटर, ॲम्बेसेडर १.६६. हे वीस सेंटिमीटर म्हणजे मागच्या सीटवर तिसऱ्या माणसाला मिळणारी ऐसपैस जागा. फियाटमध्ये मागे तिघे बसत, पण खांदे आखडून. ॲम्बेसेडरमध्ये तिघे पाय पसरून बसत आणि चौथ्या पोराला मांडीवर घ्यायची गरज पडत नसे. पुढे दोघींनाही अखंड बाकासारखी सीट होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघे मावत.

वजन पाहिले तर फियाट नऊशे किलोच्या आतली, ॲम्बेसेडर साडेअकराशेच्या घरातली. ताकद फियाटची सुमारे ४० अश्वशक्ती, ॲम्बेसेडरच्या पेट्रोल इंजिनाची सुमारे ५०. भागाकार करून पाहा. दोन्ही गाड्यांत एका अश्वशक्तीच्या वाट्याला बावीस-तेवीस किलो वजन येते. म्हणजे मोठ्या गाडीची जास्तीची ताकद तिचे जास्तीचे वजन ओढण्यातच खर्च व्हायची. रिकाम्या रस्त्यावर दोघींच्या वेगात जाणवण्याइतका फरक नव्हता. म्हणून ‘ॲम्बेसेडर शक्तिमान, फियाट अशक्त’ ही समजूत वेगाच्या बाबतीत टिकत नाही.

फरक दिसायचा तो माणसे आणि सामान भरल्यावर. मोठ्या इंजिनाला कमी फेऱ्यांतही चाके फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, जास्त मिळतो. सात माणसे, डिक्कीत धान्याची पोती, वर कॅरिअरवर ट्रंका, आणि समोर चढ : अशा वेळी ॲम्बेसेडर वरच्या गिअरमध्ये रेटत राहायची, फियाटला गिअर उतरवावा लागायचा. १९७९-८० च्या सुमारास ॲम्बेसेडरला डिझेल इंजिन बसले आणि हे अधिकच स्पष्ट झाले. देशी बनावटीची ती पहिली डिझेल मोटार. तिची ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोलच्या फियाटपेक्षाही कमी. तरीही भाड्याचा धंदा करणाऱ्यांनी तीच निवडली. ती सावकाश जाई, आवाज करी, धूर सोडी, पण भरल्या गाडीने दिवसभर ओढत राही आणि खिशाला परवडे. कागदावरची अश्वशक्ती आणि रस्त्यावरची उपयुक्तता यांत किती अंतर असते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या मोटारींच्या इतिहासात मला दिसत नाही.

चाकांचेही तसेच. ॲम्बेसेडरची चाके पंधरा इंची, फियाटची चौदा इंची आणि टायर अरुंद. फियाटला पुढे स्वतंत्र कॉइल स्प्रिंगा, ॲम्बेसेडरला पुढे पीळ घेणारे टॉर्शन बार. मागे दोघींनाही पाटे. वळणावर फियाट हलक्या हाताने फिरे आणि गल्लीत सहज वळे. खड्ड्यात ॲम्बेसेडर आतल्या माणसाला सांभाळून घेई.

धोरणाने अडवलेला काळ

या दोन गाड्या इतकी वर्षे टिकल्या याचे श्रेय त्यांच्या गुणांइतकेच सरकारी धोरणाकडे जाते. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जुळवत होती. फोर्डचाही मुंबईत जम होता. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की इथे सुटे भाग घडवायची ज्यांची योजना नसेल त्यांनी नुसती जुळणी करू नये. या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मैदानात उरल्या प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या काढायच्या याला परवान्याची मर्यादा, नवे मॉडेल आणायला परकीय चलन नाही, आणि १९७५ पर्यंत किमतीवरही सरकारचे नियंत्रण. मोटार ही चैन, देशाने आधी ट्रॅक्टर, ट्रक आणि बस बनवावी, हा त्यामागचा विचार. गरीब देशात तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्यामुळे सत्तरच्या दशकात साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीही तयार होत नव्हत्या, आणि गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत होती.

याचा दुसरा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो. गाडी बदलत नव्हती, म्हणून तिचे ज्ञान पसरायला वेळ मिळाला. एकदा फियाटचे इंजिन खोलून बांधायला शिकलेला मिस्त्री वीस वर्षांनीही तेच इंजिन बांधत होता. कार्बोरेटर साफ करणे, पॉइंट घासणे, प्लगची फट जमवणे, पिस्टनच्या रिंगा बदलणे, पाट्यांना नवे पान घालणे ही कामे अमरावती-अकोल्यात होत, आणि हळूहळू तालुक्याच्या गावांतही होऊ लागली. जिथे ट्रॅक्टरचा आणि ऑइल इंजिनाचा मिस्त्री होता, तिथे ॲम्बेसेडर अडून राहत नसे. पाना, पक्कड, हातोडी आणि अनुभवी कान एवढ्या भांडवलावर ती पुन्हा चालू व्हायची. बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारता येई. यंत्राचे शिक्षण शाळेत न मिळालेल्या कित्येकांची ही दोन इंजिने हीच शाळा होती.

सरकारची आणि घरची

मागे ऐसपैस बसता येते, पांढरा रंग शोभतो, दणकट आहे, आणि पूर्ण देशी म्हणवता येते. सरकारने ॲम्बेसेडर उचलली यामागे ही कारणे होती. मंत्री, सचिव, न्यायाधीश, सेनाधिकारी यांच्या दिमतीला ती गेली. तिच्या टपावर लाल दिवा चढला. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की पांढऱ्या ॲम्बेसेडरांचे ताफे विदर्भाने वर्षानुवर्षे पाहिले. मंत्र्याचा दौरा तालुक्याला आला की पोरे रस्त्यावर धावायची ती याच गाडीमागे. सत्तेशी ती इतकी जखडली गेली, की १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करायला आलेल्या अतिरेक्यांनीही लाल दिव्याची पांढरी ॲम्बेसेडरच वापरली. त्या गाडीला कोणी अडवणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. त्यानंतर पंतप्रधानांच्या ताफ्यातून ॲम्बेसेडर गेली आणि चिलखती परदेशी गाड्या आल्या.

फियाटचे नशीब घराशी बांधलेले. ती मालकाने स्वतः चालवायची गाडी. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांच्या कुटुंबाने घेतलेली स्वतःची गाडी फियाटच होती. किंमत १२ हजार रुपये. जवळ सात हजार होते, म्हणून पाच हजारांचे कर्ज त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले, आणि उरलेले कर्ज ललितादेवींनी निवृत्तिवेतनातून फेडले. देशाचा कारभार मोठ्या गाडीतून चाले आणि देशाचा पंतप्रधान आपल्या मुलाबाळांसाठी छोटी गाडी हप्त्यांनी घेई. दोन गाड्यांचा समाजातला अर्थ या एका प्रसंगात पुरता उतरला आहे.

वऱ्हाडातही अशीच वाटणी दिसे. अमरावती-अकोल्यातले डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सराफ यांच्या फाटकात फियाट. जीन-प्रेसचे मालक, कापसाचे व्यापारी, मोठे कास्तकार, सहकारी संस्थांचे पदाधिकारी यांच्याकडे ॲम्बेसेडर. पहिल्यांना शहरातून रुग्णालय, कोर्ट, कॉलेज एवढेच अंतर कापायचे होते. दुसऱ्यांना माणसे घेऊन गावोगाव फिरायचे होते. लग्नाला, शेगावच्या दर्शनाला, माहूरच्या यात्रेला भाड्याने गाडी सांगायची तर ॲम्बेसेडरच सांगत.

काळ्या मातीची परीक्षा

वऱ्हाडात गाडीची खरी परीक्षा पावसाळ्यात होई. काळी कापसाची जमीन भिजली की फुगते आणि चिकट होते. डांबरी सडक सोडून पांदण रस्त्याला लागलेल्या गाडीच्या चाकाला चिखलाचे थर चढतात, आणि शेवटी चाक मडगार्डमध्येच अडकते. फियाट अशा रस्त्यावर न्यायची कोणी हिंमत करत नसे. ॲम्बेसेडर थोडी पुढे जाई आणि तीही थांबे. दोघींचीही मागचीच चाके फिरणारी. जीपसारखी चारी चाकांना ताकद त्यांच्यात नव्हती. त्यामुळे चार महिने दोन्ही गाड्या गावाच्या वेशीवर उभ्या राहत आणि पुढचा प्रवास बंडीने किंवा दमणीने होई. कितीही ताकदीची गाडी असो, तिची किंमत शेवटी रस्ता ठरवतो. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांत ट्रॅक्स आणि कमांडर यांसारख्या गाड्या आल्या, तेव्हा ग्रामीण वऱ्हाडातली भाड्याची वाहतूक भराभर त्यांच्याकडे गेली. ॲम्बेसेडरचा इथला पाडाव आधी त्यांनी केला.

शहरातल्या फियाटचा पाडाव मारुतीने केला. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० पहिल्या ग्राहकाच्या हाती गेली. तिचे इंजिन फक्त ७९६ सीसीचे, ताकद जवळपास फियाटइतकीच, पण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आधी केलेला भागाकार पुन्हा करा : एका अश्वशक्तीच्या वाट्याला सतराच्या आसपास किलो. तीस वर्षांची स्पर्धा मोठ्या आणि छोट्या गाडीत चालली होती, आणि ती जिंकली आणखी छोट्या गाडीने. ॲम्बेसेडरने १९९२ नंतर इसुझूचे १८१७ सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअर घेतले. पद्मिनीने डिझेल इंजिन घेतले, गिअर खाली जमिनीवर आणला. ताकद वाढली, अंग तेच राहिले. ग्राहकाला आता सुरक्षितता, कमी आवाज आणि कमी देखभाल हवी होती.

२०००-०१ च्या सुमारास पद्मिनी थांबली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. २०१७ मध्ये ॲम्बेसेडर हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना घेतले.

निकाल आणि विनंती

मग श्रेष्ठ कोणती? अभियांत्रिकीच्या नजरेने माझे मत फियाटला. कमी लोखंडात, कमी पेट्रोलमध्ये तिने तेच काम केले, आणि भारतीय मोटारीचे भविष्य लहान गाडीत आहे हे मारुतीच्या तीस वर्षे आधी दाखवून दिले. पण वऱ्हाडाच्या उपयोगाच्या नजरेने ॲम्बेसेडर वरचढ होती. ज्या प्रदेशात एक माणूस क्वचितच एकटा प्रवास करतो आणि गावे लांब लांब आहेत, तिथे सात जणांना आणि त्यांच्या सामानाला पोचवणारी गाडीच मोठी सेवा करते. दोघींना एकच मोजमाप लावले, तर दोघींवरही अन्याय होतो.

आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या दोन गाड्या त्या वेगासाठी घडलेल्या नव्हत्या आणि त्यांना तिथे पळवूही नये. पण त्या भंगारातही जाऊ नयेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. साठच्या दशकातल्या डिलाइट आणि जुन्या ॲम्बेसेडर या नियमात केव्हाच बसतात, आणि १९७४ साली पद्मिनी हे नाव लागलेल्या पहिल्या गाड्यांचीही पन्नाशी उलटली आहे.

तुमच्या वाड्यात, गोठ्याशेजारी किंवा बंद जीनच्या आवारात अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिचे आरसी बुक शोधा, पहिल्या नोंदणीची तारीख पाहा आणि मूळ भाग काढू देऊ नका. आणि ती गाडी ज्यांनी बांधली-दुरुस्त केली त्या मिस्त्रींना गाठून त्यांची माहिती लिहून घ्या. गाडीचे सुटे भाग अजून मिळतात. मिस्त्रींजवळचे ज्ञान त्यांच्यानंतर मिळणार नाही.